गुंडूअण्णाची प्रवासाची पुरचुंडी

गुंडूअण्णा बेडकिहाळकर पूर्वी रेल्वेत लोकांच्या बॅगा पळवायचा म्हणे.

ही बातमी माझ्यापर्यंत पोचली तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. आणली आसावरीनं. आसावरी म्हणजे आमच्याच बिल्डिंगमधल्या पद्मनाभची बायको, आणि पद्मनाभ म्हणजे कानडी मुलखातल्या आमच्या मत्तीकेरेच्या चिमुकल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी. तिनं आधी दार लोटून घेतलं, मग खुर्ची माझ्याजवळ ओढली, मग म्हणाली, "काकू, तुमच्यापुरतं ठेवा हं." माझ्यापुरतं ठेवायचं असतं तर ती माझ्याकडं आली असती का? मी मान डोलावली. संध्याकाळी भाजीच्या गाडीपाशी तीच बातमी मला उलट्या बाजूनं येऊन भेटली, आणि तोवर ती चांगली गुटगुटीत झाली होती. कुणी म्हणे, हा मिरजेकडच्या गाडीत रिकाम्या हातानं चढायचा आणि यशवंतपूरला भरल्या हातानं उतरायचा. कुणी म्हणे, आत जाऊन आलाय, म्हणून तर इतका सज्जन वागतो. कुणी म्हणे, यल्लव्वाच्या कानातली फुलं बघा, ती काय दुकानातली वाटतात?

यल्लव्वा म्हणजे गुंडूअण्णाची बायको. तिच्या कानातली फुलं मी रोज बघत होते आणि मला ती दुकानातलीच वाटत होती. पण दुसऱ्या दिवशी मीसुद्धा पुन्हा एकदा निरखून बघितली. खोटं कशाला बोलू?

हा गुंडूअण्णा मूळचा निपाणीकडचा. ठेंगणा, पोट नसलेला, डोक्यावर जेमतेम केस, आणि हाताची बोटं अशी की मेण फासल्यासारखी चकचकीत. नवराबायको आमच्या तळमजल्यावर भाड्यानं राहायला आले त्याला फार वर्षं झाली नाहीत. तो घरात मराठी बोलतो, ती कन्नड बोलते. भांडण कुठल्या भाषेत चाललंय ते खिडकीतून ऐकलं की कोण जिंकतंय ते मला कळतं. बहुतेक वेळा कन्नडच चाललेलं असतं.

माणूस साधा, पण त्याला एक खोड. बिल्डिंगमधलं कुणी प्रवासाला निघालं, की हा आदल्या संध्याकाळी त्यांच्या दारात उभा. हातात एक पुरचुंडी. जुन्या साडीच्या फडक्याची, वर नाडीची गाठ. आत काय? हातभर नायलॉनची दोरी, कपड्यांचे दोनचार चिमटे, मोठ्या सेफ्टीपिना, रबरबँड, सुई आणि काळा-पांढरा दोरा, दुधाची धुऊन वाळवलेली पिशवी, ओव्याची पुडी, एक चमचा, आणि मेणबत्तीचा तुकडा. हा तुकडा प्रत्येक पुरचुंडीत असायचाच. वर शर्टाची सुटी बटणं. आजकालची पोरं बिनबटणाचे टीशर्ट घालून गोव्याला जातात, त्यांनाही हा बटणं द्यायचा.

"मोठं सामान काय, कुणीबी भरतंय," तो म्हणायचा. "ट्रिप बिघडत्या ती बारक्या गोष्टीवरनं. घ्या की वो, वजन काय हाय त्याचं!"

आणि देण्याआधी चौकशी. पण कसली? कुठं चाललात, कधी येणार, हे त्यानं कधी विचारलं नाही. विचारायचा ते असं, की बॅगेला चाकं दोन का चार? रूमला बाल्कनी हाय का? लहान पोर दात घासताना पेस्ट गिळतंय का थुकतंय? तिरुपतीला जाणाऱ्यांना तो पुरचुंडीत कंगवा घालायचा नाही. "येताना कशाला लागतोय?" म्हणून एकटाच हसायचा.

चौथ्या मजल्यावरची श्वेता पुण्याची. कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, पण आजी आजी करत माझ्याकडं येऊन बसते. ती आणि तिचा नवरा अद्वैत कुर्गला निघाले तेव्हा तिनं हसत हसत पुरचुंडी घेतली आणि बॅगेच्या तळाशी कोंबली. तिकडं डोंगर चढताना अद्वैतच्या बुटाचा तळ तोंड वासून उघडा पडला. गुंडूअण्णाच्या दोरीनं आणि रबरबँडनं बांधून तो खाली आला. परत आल्यावर श्वेता त्याच्यासाठी कॉफीची पूड घेऊन गेली. म्हणाली, "काका, दोरी एकदम लाइफसेव्हर! पण मेणबत्ती उगीच दिलीत. लाइट गेलेच नाहीत."

"लाइटीला न्हवं ती," गुंडूअण्णा म्हणाला. "चेन अडकली न्हाई बॅगेची?"

"नाही."

"मग नशीब तुमचं," एवढंच बोलून त्यानं विषय मिटवला.

आता मला सांगा, या माणसाला हे सगळं ठाऊक कुठून? उटीहून येणाऱ्याच्या बॅगेत निलगिरीच्या तेलाची बाटली हटकून सांडते, हे त्याला ठाऊक. देवदर्शनाला जाणारे कुंकवाची पुडी कुठल्या खिशात ठेवतात आणि ती कशी फुटते, हे ठाऊक. हनिमूनहून आलेल्यांच्या बॅगेत काय काय तसंच्या तसं परत येतं, हेही ठाऊक, पण ते तो सांगायचा नाही, नुसता खाली बघायचा. मला वाटायचं, हा काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत फिरून आलेला असणार. म्हणून मी एकदा सरळ विचारलं.

"गुंडूअण्णा, तुम्ही कुठं कुठं गेलाय हो?"

"आपण कशाला जातोय, आजी. माणसं जात्यात."

"मग कामाला होतात कुठं?"

"हितंच. यशवंतपुराकडं." आणि हात असा हवेत फिरवला, की त्यात यशवंतपूर आलं, पीण्या वसाहतीतले सगळे कारखाने आले, आणि मध्ये येईल ते सगळं आलं.

मी सोडणारी नव्हे. यल्लव्वा अंगणात मिरच्या वाळत घालत होती, तिला गाठलं.

"यल्लव्वा, ह्यांचं काम काय होतं गं?"

"काम."

"हो, पण कसलं?"

"बसून."

"बसून काय करायचे?"

"उठायचे न्हाईत," ती म्हणाली आणि सूप आपटून आत गेली. मला अशी माणसं फार आवडतात आणि त्यांचा फार रागही येतो.

तर असं सगळं गोडीगुलाबीनं चाललेलं असताना श्वेतानं मंडळाची ट्रिप काढली. मुर्डेश्वरला, समुद्रावर. मिनीबस ठरली, ग्रुपवर मेसेज पडला, आणि पहिलं नाव आलं ते यल्लव्वाचं. ग्रुपवर नव्हे. तिला मेसेज लिहिता येत नाही. ती चार जिने चढून श्वेताच्या दारात गेली आणि म्हणाली, "मला न् ह्यांना खिडकी."

यल्लव्वानं समुद्र बघितलेला नव्हता. लग्नात गुंडूअण्णानं तिला कबूल केलं होतं की समुद्र दाखवीन, आणि त्यानंतर दर वर्षी काही ना काही निघत गेलं. एकदा सासू आजारी, एकदा भाचीचं लग्न, एकदा जग बंद. आनेकलला तिची धाकटी बहीण असते, ती दर फोनला विचारते, "अक्का, समुद्र आला काय गं घरी?" आता यल्लव्वानं तिला फोन करून दिवस सांगितला, बसचा रंग सांगितला, शेजारी कोण बसणार ते सांगितलं. मला विचारलं, "आजी, तो रात्रीबी हलतो काय?" मी म्हटलं, हलतो. ती जरा विचारात पडली. "मग झोपतो कवा?"

निघायच्या आधीच्या रविवारी श्वेतानं सगळ्यांना आपापल्या मोठ्या बॅगा खाली पार्किंगमध्ये आणायला सांगितलं. बसची डिकी लहान, कुणाची बॅग मावणार नाही ते आधीच बघायचं. माणसं बॅगा ओढत आली. पद्मनाभ नवीकोरी कडक सूटकेस घेऊन आला, नंबरच्या कुलपाची. तिच्यात त्यानं आठवडाभर आधीच सगळं भरून ठेवलं होतं, बीपीच्या गोळ्यांसकट. "मी स्वल्प प्लॅन्ड माणूस आहे," असं तो नेहमी सांगतो. गोळ्यांची वेळ झाली आणि कुलूप उघडेना.

"तुमची जन्मतारीख टाका," कुणीतरी म्हणालं.

"टाकली."

"लग्नाची तारीख टाका," आसावरी म्हणाली. "बघू तरी आठवते का."

पद्मनाभनं आकडे फिरवले. कुलूप उघडलं नाही. आसावरीनं त्याच्याकडं असं बघितलं की त्याचं बीपी तिथंच वर गेलं असणार. मग हातोडी आणायची का, कटर कुणाकडं आहे, अशी चर्चा सुरू झाली. तेवढ्यात मागून गुंडूअण्णा पुढं आला.

"सायेब, बॉलपेन हाय काय?"

पद्मनाभला वाटलं, काही लिहून घ्यायचं असेल. त्यानं खिशातलं पेन दिलं. गुंडूअण्णानं ते चेनच्या दातांवर टेकवलं, अंगठ्यानं एक दाब दिला, आणि चेन मधूनच फाकली. कुलूप आपल्या जागी तसंच लटकलेलं, आणि सूटकेस तोंड उघडून आडवी! त्यानं आत बघितलंसुद्धा नाही. मान फिरवून म्हणाला, "घ्या गोळ्या." पद्मनाभनं गोळ्या काढल्या. मग गुंडूअण्णानं कुलपासकट ते चेनचे रनर धरून इकडून तिकडं एकदा फिरवले, आणि चेन परत बंद. उघडली होती याची खूणही नाही.

टाळ्या पडतील असं मला वाटलं होतं. पण प्रत्येक जण आपापल्या बॅगेकडं बघायला लागला. मग गुंडूअण्णाकडं. मग त्याच्या त्या मेणचट बोटांकडं. श्वेता तेवढी "वॉव काका!" म्हणाली, पण ते एकटंच हवेत राहिलं.

पद्मनाभ गोळी गिळून म्हणाला, "थँक्स." आणि पेन परत घेताना ते रुमालानं पुसलं.

त्या दुपारीच मेथी निवडताना मला ती बातमी मिळाली.

दोन दिवसांत मंडळ दुभंगलं असं म्हणणार नाही; मंडळ एवढं मोठंच नाही. पण दोनतीन घरांनी श्वेताला कळवलं, की गुंडूअण्णा येणार असेल तर आम्हाला विचार करावा लागेल. पद्मनाभ माझ्याकडं येऊन म्हणाला, "काकू, तुम्हीच सांगा. ज्याला असं उघडता येतं, त्यानं आजवर उघडलं नसेल? बसमध्ये आपण झोपणार, हॉटेलात बॅगा टाकून समुद्रावर जाणार. उद्या काही झालं तर सेक्रेटरी म्हणून मला विचारतील."

"त्याला विचार की," मी म्हटलं.

"तसं कसं विचारायचं? चोर का, म्हणून?"

"मग त्याला न विचारता ठरवायचं, हे बरं दिसतं?"

"आपण काही ठरवत नाही. फक्त सीट नाहीत म्हणून सांगायचं."

हे सांगायचं काम अर्थातच श्वेतावर आलं, कारण ती लहान आणि ग्रुपची ॲडमिन. बिचारी माझ्याकडं आली. "आजी, मला हे अजिबात पटत नाहीये. पण बाकीचे कॅन्सल झाले तर बसच जाणार नाही. तुम्ही चला ना माझ्याबरोबर." मी गेले. तिला आधार द्यायला गेले असं मी तिला सांगितलं. खरं म्हणजे गुंडूअण्णा काय उत्तर देतो ते मला ऐकायचं होतं.

तळमजल्यावर दार उघडंच होतं. यल्लव्वा खाली बसून दशम्या पुडक्यात बांधत होती. जायला अजून दिवस होते, पण तिच्या हाताला धीर नव्हता. गुंडूअण्णा खिडकीत बसून पुरचुंड्या बांधत होता. बसमधल्या प्रत्येक घरासाठी एक. पद्मनाभची पुरचुंडीसुद्धा त्यात होती, जांभळ्या फडक्याची.

श्वेतानं घसा साफ केला. "काका, एक प्रॉब्लेम झालाय. बस छोटी मिळालीये. सीट... तुमच्या दोन सीट ॲडजस्ट होत नाहीयेत."

गुंडूअण्णाचा हात थांबला. त्यानं श्वेताकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं.

"सरी, असू दे," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी बघू की."

"काय बघू?" यल्लव्वा म्हणाली.

"बसच ल्हान हाय म्हणत्यात."

"परवा तर डिकी मोजली. सगळी मावत्यात म्हणाले न्हवं?" तिनं श्वेताला विचारलं. "पोरी, खरं सांग. बस ल्हान झाली काय माणसं ल्हान झाली?"

श्वेताला खोटं बोलता येत नाही. पुण्याची असून येत नाही. तिनं सगळं सांगून टाकलं. पेन, चेन, कुजबुज, कोण काय म्हणालं. कानातल्या फुलांचं तेवढं तिनं वगळलं, ते बरं केलं.

यल्लव्वा नवऱ्याकडं वळली आणि कन्नड सुरू झालं. मला कन्नड चांगलं येतं, पण एवढ्या वेगानं येत नाही. त्यातलं एक वाक्य मात्र ती पुन्हा पुन्हा म्हणत होती: सांग, सांगून टाक, एकदा सांग. आणि तो मान हलवत होता. शेवटी मराठीत म्हणाला, "न्हाई. सांगायचं म्हंजे त्या मानसाचं तोंड उतरतंय. आपण कुनाचं तोंड उतरवायचं न्हाई."

"कुणाचं?" मी लगेच विचारलं. विचारल्याशिवाय राहवलं असतं तर ती मी कसली?

"असंल कुनाचं तरी," तो म्हणाला आणि जांभळ्या पुरचुंडीची गाठ घट्ट केली.

यल्लव्वानं दशम्यांचं पुडकं खाली ठेवलं. पदर खोचला, चपला घातल्या आणि बाहेर पडली. जिन्याकडं. गुंडूअण्णा "अगं, अगं" करत राहिला. श्वेता तिच्या मागं, आणि श्वेताच्या मागं मी. माझे गुडघे दुखतात हे सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. त्या दिवशी ते दुखले नाहीत.

पद्मनाभचं दार आसावरीनं उघडलं. पद्मनाभ सोफ्यावर बसून सूटकेसच्या कुलपाचं माहितीपत्रक वाचत होता. यल्लव्वा आत गेली नाही. उंबऱ्यातच उभी राहिली.

"अण्णा," ती म्हणाली, "तुमची एक तपकिरी बॅग हुती. जुनी. कोपऱ्याला हिरवा पट्टा."

पद्मनाभ म्हणाला, "असेल. का?"

"आत, अस्तराच्या मागं एक बारका खिसा. चेनचा."

पद्मनाभ उठून उभा राहिला.

"तुम्हाला आमची वळख न्हाई. तुम्ही हात पुढं करून बॅग दिली, तोंड फोनात. पर आम्हाला तुमची वळख हाय. ह्या बिल्डिंगीत राहायला आलो त्याच दिवशी ह्यांनी तुम्हाला वळखलं. मला म्हनाले, तोंड उघडायचं न्हाई. त्या खिशातलं मी आजवर कुनाला सांगितलं काय? ह्यांनी सांगितलं काय?"

"कुठली हो तपकिरी बॅग?" आसावरीनं विचारलं. "आणि कसला खिसा?"

"जुनी... टाकून दिली ती," पद्मनाभ म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग एक एक पायरी उतरत होता आणि मी त्या सगळ्या पायऱ्या बघत होते. "आसावरी, स्वल्प पाणी आण ना."

आसावरी आत गेली, पण कान दारातच ठेवून गेली. पद्मनाभ यल्लव्वाजवळ आला आणि अगदी हळू म्हणाला, "ते... ते तुम्ही होता?"

"आम्ही हुतो."

"त्यांनी बघितलं?"

"बघितलं. तसंच ठेवलं. तुम्हाला परत मिळालं का न्हाई?"

"मिळालं," पद्मनाभ म्हणाला. "सगळं जागच्या जागी."

मग तो श्वेताकडं वळला आणि सेक्रेटरीच्या आवाजात म्हणाला, "श्वेता, यांच्या दोन सीट आहेत. खिडकीच्या. कुणाला काही अडचण असेल तर त्यांना म्हणावं माझ्याशी बोला."

आता माझी अवस्था काय झाली असेल, विचार करा. माझ्या नजरेसमोर तर हा कबुलीजबाबच झाला होता! बॅग यांच्याकडं होती, खिसा यांनी उघडला होता, आणि माल परत केला होता. म्हणजे चोर तर चोर, पण इमानदार चोर? आणि खिशात होतं तरी काय? जिना उतरताना मी यल्लव्वाला विचारलं. मग बसमध्ये विचारलं, हासनला इडली खाताना विचारलं, घाट उतरताना विचारलं. प्रेमपत्र होतं? दुसऱ्या बाईचा फोटो? सोडून दिलेल्या सिगारेटी? टकलावर लावायचं काही? ती खिडकीतून बाहेर बघत राहिली आणि एकदाच म्हणाली, "आजी, तुमच्या खिशातलंबी मी कुनाला सांगनार न्हाई." त्यावर मी माझी पिशवी मांडीवर ओढून घेतली. आजतागायत मला त्या खिशातलं कळलेलं नाही. माझ्या आयुष्यातलं एवढं एक कोडं सुटायचं राहिलंय, आणि पद्मनाभ माझ्यासमोरून रोज जातो.

मुर्डेश्वरला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. बाकीचे हॉटेलात खोल्या घ्यायला गेले. यल्लव्वा बसमधून उतरली ती सरळ वाळूकडं चालायला लागली. चप्पल वाटेत एक राहिली, दुसरी पुढं राहिली. पाण्याच्या काठाशी थांबली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली. गुंडूअण्णा धापा टाकत मागून आला. तोही बघत राहिला.

मग यल्लव्वा म्हणाली, "आवाज बघा की ह्याचा. कुनावर चिडलाय?"

"चिडला न्हाई. येतोय, जातोय. काम चाललंय त्याचं," गुंडूअण्णा म्हणाला.

तिनं आनेकलला फोन लावला. बहिणीला काही सांगितलं नाही. फोन नुसता पाण्याकडं धरला. तेवढ्यात एक मोठी लाट आली आणि फोन वर धरून यल्लव्वा कमरेपर्यंत भिजली. गुंडूअण्णा तिला सावरायला गेला तो पार आडवाच झाला. दोघं उठली ती हसत.

खरी मजा पुढं झाली. हॉटेलात आल्यावर गुंडूअण्णानं आपली बॅग उघडली. बाजूच्या खिशात दोरी, चिमटे, सेफ्टीपिना, मेणबत्ती, सुईदोरा, कापूस, ओवा, नेलकटर, शिट्टी, बटणं. सगळं जिथल्या तिथं. आणि मधला मोठा कप्पा? मोकळा. एक टॉवेल नाही, एक लुंगी नाही, एक शर्ट नाही. यल्लव्वानं आपली पिशवी वेगळी भरली होती आणि तिला वाटलं, प्रवासाचा एवढा जाणता माणूस, स्वतःचं स्वतः भरेल. त्यानं आयुष्यात मोठा कप्पा कधी भरलाच नव्हता, तो त्याच्या ध्यानातच आला नाही.

तो गॅलरीत ओल्या कपड्यांत कुडकुडत उभा होता. आम्ही हसून हसून बेजार. श्वेता म्हणाली, "काका, पुरचुंडीत लुंगी पण टाकत जा!"

"बटणं हायत की," तो म्हणाला. "शर्ट तेवढा न्हाई."

तेव्हा पद्मनाभ आपल्या खोलीतून सूटकेस ओढत आला. नंबर त्यानं आता मनगटावर पेनानं लिहून ठेवला होता. गुंडूअण्णाच्या समोरच त्यानं कुलूप उघडलं, झाकण पूर्ण मागं टाकलं, आणि म्हणाला, "घ्या, तुम्हाला काय बसेल ते." गुंडूअण्णा मान फिरवून उभा राहिला. पद्मनाभ म्हणाला, "बघा हो. आता बघायला हरकत नाही." मग गुंडूअण्णानं बघितलं, आणि एक पांढरा पायजमा आणि निळा सदरा उचलला. सदरा गुडघ्यापर्यंत आला. यल्लव्वा म्हणाली, साहेब दिसताय.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला पद्मनाभनं सगळ्यांना स्वतःच्या तोंडानं सांगितलं. खिशातलं सोडून बाकी सगळं.

ते असं. गुंडूअण्णा बेडकिहाळकरनं कधी कुणाची बॅग चोरली नाही. यशवंतपूरच्या मार्केटमागं तो बॅगा दुरुस्त करत असे, अडकलेल्या चेनीवर मेणबत्ती घासून ती मोकळी करत असे, आणि शेजारी बसून यल्लव्वा पट्टे शिवत असे. रस्ता रुंद झाला तेव्हा ती जागा गेली. तो स्वतः कधी कुठं फिरायला गेला नव्हता. लोक मोठा कप्पा रिकामा करून बॅग दुरुस्तीला देतात, बारीक खिसे तसेच राहतात, आणि नवी चेन बसवण्याआधी ते दुरुस्त करणाऱ्याला रिकामे करावे लागतात.